भालकीचा किल्ला आणि एका वाक्याची तपासणी

बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या किल्ल्याची माहिती शोधायला बसलं की एकच वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो: हा किल्ला रामचंद्र जाधव आणि धनाजी जाधव यांनी १८२० ते १८५० या काळात बांधला. पर्यटनाच्या माहितीत, जालावरच्या ज्ञानकोशात, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत, गडप्रेमींच्या भटकंतीच्या लेखांत हे वाक्य जसंच्या तसं उचललेलं दिसतं. एकाने दुसऱ्याचं घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. कुणी थांबून तारखांची बेरीज-वजाबाकी केलेली दिसत नाही.

या टिपणात मी ती बेरीज-वजाबाकी करणार आहे. माझा पेशा बांधकामाचा. नकाशावर सही करण्याआधी मापं पुन्हा तपासायची सवय हाडीमासी खिळलेली आहे, तीच इथे वापरतो. पण मुद्दा फक्त एका चुकीच्या सनावळीचा नाही. या एका वाक्यामुळे भालकीकर जाधवांचं अख्खं घराणं इतिहासातून निसटलंय आणि गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या तटाची किंमतही कमी झाली आहे.

आधी सनावळी

धनाजी जाधव म्हणजे मराठ्यांचे सेनापती. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या वंशातले. राजाराम महाराजांच्या काळात संताजी घोरपड्यांच्या जोडीने त्यांनी औरंगजेबाच्या फौजेला जेरीला आणलं. संताजींच्या नंतर सेनापतिपद त्यांच्याकडे आलं. १७०७ साली खेडच्या लढाईच्या वेळी ते ताराबाईंची बाजू सोडून शाहू महाराजांना मिळाले आणि त्या लढाईचं पारडं फिरलं. १७०८ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणजे वाक्यात दिलेला बांधकामाचा आरंभ धनाजींच्या मृत्यूनंतर ११२ वर्षांनी होतो.

आता रामचंद्र जाधव. हे धनाजींचे नातू, चंद्रसेन जाधवांचे चिरंजीव. १७५७ साली सिंदखेडला पेशव्यांच्या फौजेने ज्यांना कोंडलं ते हेच. त्या वेळी ते निजामाच्या बाजूचे नावाजलेले सरदार होते, फौज बाळगून होते. त्या साली त्यांना अगदी पंचविशीचे धरले, तरी १८२० मध्ये त्यांचं वय ८८ होतं आणि १८५० मध्ये ११८. आणि या हिशेबाने आजोबा मरून शतक उलटल्यावर नातवाबरोबर किल्ल्याचा पाया खोदायला आलेले दिसतात!

एवढं सरळ गणित आहे. मग हे वाक्य इतकी वर्षं टिकलं कसं? मला वाटतं, त्याचं उत्तर वाक्यात जे नाव नाही त्यात आहे.

मधला माणूस कुठे गेला?

आजोबा आहेत, नातू आहे. मधले चंद्रसेन नाहीत. आणि भालकीशी या घराण्याचा संबंध जोडला तो नेमका चंद्रसेनांनी.

धनाजींनंतर सेनापतिपद चंद्रसेनांना मिळालं. त्यांचं आणि बाळाजी विश्वनाथांचं जमत नव्हतं. बाळाजी विश्वनाथ एके काळी धनाजींच्या हाताखाली वसुलाचं काम पाहणारे. धनाजींचा त्यांच्यावर विश्वास होता, तो वडिलांच्या जिवंतपणीच मुलाच्या डोळ्यांवर येत होता. पुढे शाहू महाराजांनी सेनापतीच्या हिशेबावर लक्ष ठेवायला बाळाजींनाच नेमलं. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून ठिणगी पडली, असं सगळ्या बखरवजा हकिगतींत येतं. हरीण हे निमित्त. खरं भांडण वसूल कोण मोजणार आणि सेनापतीला जाब कोण विचारणार, याचं होतं. बाळाजींना जीव वाचवत पुरंदराकडे आणि तिथून पांडवगडाकडे पळावं लागलं. शाहू महाराजांनी बाळाजींना पाठीशी घातलं, तेव्हा चंद्रसेन ताराबाईंकडे गेले. १७१३ मध्ये निजाम-उल-मुल्क दख्खनचा सुभेदार होऊन आला. चंद्रसेन त्याला मिळाले आणि फौजेच्या खर्चासाठी त्यांना भालकीची जहागीर मिळाली. त्याच १७१३ च्या अखेरीला बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. एका भांडणातून एक जण पेशवाईला पोहोचला, दुसरा भालकीला.

त्यानंतर चंद्रसेन निजामाच्या दरबारातले वजनदार मराठा सरदार झाले. १७२७-२८ मध्ये शाहू महाराजांविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजी महाराजांना उभं करण्याचा निजामाचा डाव होता, त्यात चंद्रसेनांचा हात होता. पालखेडला बाजीरावांनी तो डाव उधळला.

आता असा माणूस मराठी इतिहासलेखनात कसा येतो? 'रुसून शत्रूला मिळाला' एवढ्या ओळीत. पेशव्यांच्या उदयाची कथा सांगताना त्याची गरज असते, ती हरणाच्या प्रकरणापुरती. एकदा तो निजामाकडे गेला की पान उलटलं. पुढे त्याने कुठे वस्ती केली, काय बांधलं, त्याच्या मुलाबाळांचं काय झालं, हे सांगायला कुणाला रस नाही. हैदराबादच्या बाजूने पाहावं, तर तिथे तो निजामाच्या अनेक सरदारांपैकी एक. किल्ल्याच्या माहितीत म्हणून धनाजी येतात, कारण त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि अभिमानाने घेता येतं. चंद्रसेन येत नाहीत, कारण नाव घेतलं की पाठोपाठ खुलासा द्यावा लागतो.

हा खुलासा द्यायला आपण घाबरू नये असं माझं मत आहे. पक्ष बदलणं हाच निकष लावायचा ठरवलं तर लखुजी जाधव निजामशाहीतून मोगलांकडे गेले आणि परतही आले. त्या परतण्याची किंमत त्यांनी १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात मुलांसह जीव देऊन मोजली. धनाजींनी खेडला बाजू बदलली, तिचं आपण कौतुक करतो. स्वतः शाहू महाराज मोगल छावणीत वाढले आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा त्यांनी १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून घेतल्या. त्या काळच्या सरदाराचं इमान वतनाशी, फौजेशी आणि आपल्या मानाशी बांधलेलं असे. चंद्रसेनांनी सेनापतिपदाचा मान गेला म्हणून घर बदललं. त्यांना थोर म्हणायची गरज नाही. पण त्यांना गाळून भालकीचा इतिहास लिहिता येत नाही, हे नक्की.

१७५२: भालकीचं वर्ष

वाक्यावर दुसरा आक्षेप असा की ते मानलं तर १८२० च्या आधीची भालकी कोरी राहते. कागद तर उलट सांगतात.

१७५२ या एकाच वर्षात भालकीचं नाव दोनदा मोठ्या राजकारणात येतं. एप्रिलमध्ये सलाबतजंगाचा दिवाण राजा रघुनाथदास, म्हणजे आपल्याकडच्या कागदांतला रामदासपंत, भालकीच्या मुक्कामी मारला गेला. पगार थकलेले पठाण शिपाई त्याच्यावर धावून गेले. त्यानंतर औरंगाबादेस गाजीउद्दीन आला. सलाबतजंगाचा थोरला भाऊ, दख्खनची सुभेदारी मागायला दिल्लीहून निघालेला. मराठ्यांची मदत मिळावी म्हणून वऱ्हाडच्या पश्चिमेचा, तापी आणि गोदावरी यांच्यामधला मुलूख त्याने पेशव्यांना देऊ केला. ऑक्टोबरमध्ये त्याला विष घालण्यात आलं. पण नानासाहेब पेशव्यांनी दिलेला शब्द सोडला नाही. भावाने कबूल केलेला मुलूख त्यांनी सलाबतजंगाकडून वसूल केला. तो करार नोव्हेंबर १७५२ मध्ये झाला, तो भालकीला. मराठी इतिहासात तो 'भालकीचा तह' याच नावाने ओळखला जातो. खानदेश-बागलाणचा जो भाग पुढे पेशवाईत दिसतो, त्याचा एक धागा या तहाशी जातो.

आता व्यवहारी माणसाच्या नजरेने बघा. निजामाची छावणी म्हणजे हजारो घोडी, बैल, उंट, तोफखाना, बुणगे. अशी छावणी कुठेही पडत नाही. पाणी पाहिजे, वैरण पाहिजे, दाणागोटा साठवलेला पाहिजे, आणि तो पुरवणारा जहागीरदार जागेवर पाहिजे. भालकी मांजरा आणि कारंजा या नद्यांच्या पट्ट्यात, काळ्या जमिनीच्या मुलखात. पूर्वेला बिदर, नैर्ऋत्येला कल्याणी, उत्तरेला उदगीर. तिन्ही किल्ले मजल-दोन मजलांवर. एप्रिलच्या उन्हात दिवाणाची फौज आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तहाची बोलणी इथे होतात, याचा अर्थ १७५२ मध्ये भालकी हे नांदतं, भरलेलं ठाणं होतं. जहागीर मिळून तोवर जवळपास चाळीस वर्षं झाली होती. चाळीस वर्षं एका सेनापतीचं घराणं तटाशिवाय, कोटाशिवाय उघड्यावर राहिलं आणि नातवंडा-पतवंडांनी १८२० मध्ये बांधकाम काढलं, हे मला पटत नाही.

रामचंद्र जाधव: मधे अडकलेला सरदार

रामचंद्ररावांची कहाणी वाचली की या घराण्याची कोंडी कळते. १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजेने त्यांना सिंदखेडला, म्हणजे त्यांच्या मूळ वतनाच्या गावी, वेढलं. विश्वासराव नावाला पुढे, लढाईचा भार दत्ताजी शिंद्यांवर. निजामअली सोडवायला आला. डिसेंबरात सिंदखेडच्या आसपास झुंजी झाल्या आणि शेवटी साखरखेर्ड्याला तह होऊन निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग द्यावा लागला. नातू आजोबा-पणजोबांच्या गावात कोंडलेला, बाहेर मराठी फौज, आणि सोडवायला येतोय निजाम. यापेक्षा विचित्र प्रसंग तो कोणता?

चार वर्षांनी पारडं पुन्हा फिरलं. पानिपतानंतर मराठे खचले आहेत हे पाहून निजामअली १७६१ च्या अखेरीस पुण्यावर चालून आला. वाटेत गोदावरी-प्रवरेच्या संगमावर टोक्याची देवळं त्याच्या फौजेने भ्रष्ट केली. त्यावर रामचंद्र जाधव आणि निजामाचा भाऊ मीर मोगल हे दोघे त्याची साथ सोडून मराठ्यांकडे आले. उरुळीला जानेवारी १७६२ मध्ये तह झाला. देवळांचा संताप होताच, पण घराण्याचं जुनं सेनापतिपद परत मिळावं ही आशाही होती. वडिलांनी १७११ मध्ये जे सोडलं, ते मुलगा पन्नास वर्षांनी मागायला आला. मराठेशाही या मुदतीत पुरती पेशव्यांची झाली होती, जुन्या पदाला जुनी किंमत उरली नव्हती. घराण्याच्या या दोन पिढ्यांचा इतिहास एका ओळीत मांडायचा तर तो असा आहे. फलकावरच्या वाक्यात यातलं काय आहे? काहीच नाही.

नावसाधर्म्याची शंका

इथे एक प्रामाणिक हरकत कुणीतरी घेईल, आणि घ्यावी. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. एकोणिसाव्या शतकात या घराण्यात दुसरे धनाजी आणि दुसरे रामचंद्र झाले असतील, आणि वाक्य त्यांच्याबद्दल असेल, तर?

हरकत रास्त आहे. पण मग वाक्याने तसं सांगायला हवं. इतिहासात केवळ 'धनाजी जाधव' म्हटलं की वाचक सेनापती धनाजीच समजतो. वाक्य फिरवणारे स्वतःही तेच समजतात, पुढच्याच ओळीत ते संताजी-धनाजींची जोडी आणि पाण्यात दिसणारं त्यांचं रूप घेऊन येतात. नावाचे दोन मालक असतील तर वंशावळ द्या, पिढी सांगा, 'दुसरे' म्हणा. नाव मोठ्या माणसाचं आणि सन दुसऱ्याच पिढीचे, अशी सरमिसळ कुठल्याही हिशेबात चालत नाही. आणि वंशज त्या काळात असलेच, तरी त्यांनी मूळ कोट बांधला की वडिलार्जित कोटाची डागडुजी केली, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर पुढच्या दोन मुद्द्यांत शोधू.

१८२० नंतर किल्ला कोण बांधेल?

निजामाने १७९८ आणि १८०० च्या करारांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर भालकीच्या पट्ट्यात ज्याच्या भीतीने कोट बांधावा असा शत्रूच उरला नाही. उलट कोट असणं हाच संशयाचा विषय झाला. नांदेड भागात नोवसाजी नाईकांच्या नोव्हा येथील गढीला १८१९ च्या जानेवारीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेने वेढा घातला आणि सुरुंग-तोफांनी ती घेतली. पुढच्याच वर्षी, १८२० मध्ये, भालकीपासून जवळ असलेल्या उदगीरच्या देशमुखांचा उठाव लेफ्टनंट सदरलँडने मोडून काढला. म्हणजे वाक्यात बांधकामाची सुरुवात ज्या सालात दिलीय, नेमक्या त्याच सालात शेजारी देशमुखांवर तोफा चालत होत्या.

अशा वेळी एखादा जहागीरदार लाखोंचा खर्च करून नवा लढाऊ कोट उभारेल, हे संभवत नाही. राहता वाडा नवा करेल, दरवाजा दुरुस्त करेल, ढासळलेला बुरूज बांधून घेईल, हे मात्र पूर्ण संभवतं. १८२० ते १८५० हे साल निव्वळ हवेतून आलेलं नसेल तर ते अशाच एखाद्या दुरुस्तीचं असावं, असा माझा तर्क आहे. दुरुस्तीची तारीख जन्मतारीख म्हणून छापली गेली की असाच घोळ होतो.

तुलनेसाठी करमाळा घ्या. चंद्रसेनांसारखेच रंभाजी निंबाळकर निजामाला मिळाले, 'रावरंभा' झाले, आणि करमाळ्याला त्यांनी भुईकोट आणि कमलाभवानीचं मंदिर उभं केलं. मंदिराचं साल १७२७ च्या सुमाराचं. तोच मालक, तीच नोकरी, तोच काळ. जहागीर मिळाली की पहिल्या-दुसऱ्या पिढीत कोट, देऊळ, बारव, पेठ उभी करायची, ही या सरदारांची रीत होती. फौज वर्षातले आठ महिने मुलूखगिरीवर. मागे बायकामुलं, खजिना, कागदपत्र, दाण्याची पेवं सांभाळायला भिंत लागतेच. भालकी याला अपवाद मानायचं कारण दिसत नाही.

भिंत काय सांगू शकते

आता माझ्या धंद्याचा भाग. गडांवरची आपली पुस्तकं सह्याद्रीत रमतात. तिथे डोंगर हाच तट असतो. मैदानातल्या कोटाकडे पाहायची नजर वेगळी लागते, ती आपण फारशी कमावलेली नाही.

बिदरचा किल्ला जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. तिथला खंदक बहामनींच्या कारागिरांनी खडकातच कोरून काढला, मधे खडकाच्या भिंती ठेवून तो तिहेरी केला. भालकीसारख्या काळ्या जमिनीच्या गावात ते शक्य नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत दरवर्षी थोडी हलते. म्हणून गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतो, तळाला भिंत रुंद ठेवतो आणि वर निमुळती करत जातो. भिंत म्हणजेही दोन कातडी आणि मधे भरण. बाहेर घडीव दगड, आत तसाच दगड, मधे चुना-दगडगोटे नाहीतर मुरूम-पांढरी माती. तोफेच्या काळात हे मातीचं पोट फायद्याचं असतं, गोळा आत रुततो, भिंत फुटत नाही. १६५७ मध्ये औरंगजेबाच्या तोफांनी बिदर आणि कल्याणी घेतल्यावर आणि १७५० च्या दशकात बुसीचा फ्रेंच तोफखाना याच मुलखात फिरत असताना, कुठल्याही शहाण्या सरदाराने भिंतीचा विचार तोफ डोळ्यांपुढे ठेवूनच केला असणार.

या बांधणीचा शत्रू मात्र पाणी. वरची फरसबंदी किंवा चुन्याचा थर गेला की पावसाचं पाणी पोटात शिरतं, माती फुगते, बाहेरचं कातडं पोट काढतं आणि एका पावसाळ्यात दहा हात भिंत बसते. आणि घडीव दगड कुणी काढून नेले, तर उघडं पडलेलं भरण फार काळ उभं राहत नाही. पांढरी माती धाब्याला आणि सारवणाला लागते, म्हणून आपल्याकडच्या किती गढ्या टोपली-टोपलीने संपल्या, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दिसेल.

अशा भिंतीची तारीख काढायची तर दंतकथेपेक्षा चार गोष्टी जास्त उपयोगी पडतात. पहिली, विटेचं माप. जुनी वीट पातळ आणि पसरट, इंग्रजी अमदानीत नऊ इंची वीट रूढ होत गेली. एकाच बुरुजावर दोन्ही सापडल्या तर वरचं काम नंतरचं. दुसरी, चुना. घाणीत मळलेला जुना चुना आणि नंतरच्या डागडुजीचा चुना यांत वाळूचं प्रमाण, रंग आणि कठीणपणा वेगळा असतो, साध्या प्रयोगशाळेत ते कळतं. तिसरी, उभे सांधे. दोन काळांतलं काम एकमेकांत गुंफलेलं नसतं, शेजारी टेकलेलं असतं, आणि तिथे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ दिसते. चौथी, जंग्या आणि तोफांच्या झरोक्यांचं माप आणि कोन. बंदूक आणि तोफ बदलली की तेही बदलतात. या चार गोष्टींची मोजणी चार माणसं, दोन टेप आणि एक कॅमेरा एवढ्यात होते.

मधल्या जागेत पडलेलं गाव

हे सगळं आजवर का झालं नाही? कारण भालकी सगळ्यांच्याच कडेला पडते. निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी बिदरवर १९४७ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो उत्तम आहे, पण त्याचं लक्ष बहामनी आणि बरीदशाही बिदरवर. अठराव्या शतकातल्या मराठा जहागीरदाराचा कोट त्या चौकटीत बसत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद म्हैसूर राज्यात राहिले, पूर्वेकडचा भाग आंध्रात गेला. कागदही तसेच विखुरले. पुण्यात मोडी, हैदराबादेत फारसी, गावात कन्नड-मराठी-उर्दूत सांगायच्या गोष्टी. पुण्याच्या अभ्यासकाला भालकी परराज्यात, बंगळूरच्या अभ्यासकाला जाधव परके.

सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, म्हणजे इथून जवळचेच. निजामाच्या नोकरीत राहून त्यांनी फारसी कागद मराठीत आणले आणि मराठ्यांचा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचता येतो हे दाखवून दिलं. भालकीला हवा आहे तो असाच वाचक. पेशवे दप्तराचे गो. स. सरदेसायांनी छापलेले ४५ खंड आहेत. १७५२, १७५७ आणि १७६१-६२ या तीन सालांची पत्रं जरी कुणी भालकी आणि जाधव या दोन शब्दांसाठी चाळली, तरी फलकावर लिहायला पुरेसा मजकूर हाती लागेल.

मग बिघडलं काय?

"अहो, शंभर वर्षं इकडेतिकडे झाली तर कुणाचं काय बिघडतं?" असं म्हणणारे भेटतात. बिघडतं. कायद्यात संरक्षणासाठी शंभर वर्षांची अट आहे, ती दोन्ही तारखांनी पुरी होते, हे खरं. पण गावाच्या मधोमध कोट असतो तेव्हा कायद्याआधी लोकांचं मत काम करतं. 'इंग्रजांच्या वेळची कुणा जमीनदाराची भिंत' असं एकदा ठरलं की तिला टेकून खोली बांधताना, तिचा दगड उचलताना हात अडखळत नाही. 'मराठ्यांच्या सेनापतीच्या घराण्याचा कोट, जिथे पेशवा आणि निजामाचा तह झाला ते गाव' हे माहीत असेल तर निदान एखादा म्हातारा तरी ओरडतो.

म्हणून जुनं वाक्य काढून त्या जागी काय लिहावं, याचा मसुदा देतो. मंडळातल्या सभासदांनी त्यावर जरूर वाद घालावा:

'भालकी ही सेनापती धनाजी जाधव यांचे पुत्र चंद्रसेन जाधव यांची जहागीर. १७११ मध्ये शाहू महाराजांशी बिनसल्यावर ते पुढे निजामाच्या सेवेत गेले. त्यांचे पुत्र रामचंद्र जाधव १७५७ च्या सिंदखेडच्या युद्धात निजामाच्या बाजूने लढले आणि १७६१-६२ मध्ये मराठ्यांना मिळाले. नोव्हेंबर १७५२ मध्ये नानासाहेब पेशवे आणि सलाबतजंग यांच्यात भालकीचा तह झाला. येथील कोट जाधव घराण्याचा असून त्यात निरनिराळ्या काळांतील बांधकाम व दुरुस्त्या संभवतात.'

यात एकही साल असं नाही, ज्याची वजाबाकी केल्यावर कुणी मेलेला माणूस पाया खोदताना सापडेल. मजकूर कन्नड, मराठी आणि उर्दू, तिन्ही भाषांत असावा, कारण या घराण्याचे कागद आणि या गावची माणसं तिन्ही भाषांतली आहेत.

आणि मोजणी या पावसाळ्याच्या आत व्हावी. प्रत्येक बुरुजाचा चारही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी धरून. तटाची लांबी, जाडी, उंची. विटांची मापं किमान दहा ठिकाणची. उभ्या सांध्यांच्या जागा नकाशावर. भालकी, उदगीर, बसवकल्याण इथल्या महाविद्यालयांत इतिहासाची आणि पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्याची मुलं आहेत. दोन रविवार पुरतील. आकडे आले की मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते मांडू आणि वरच्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य बदलायचं की ठेवायचं, ते त्यावर ठरवू.